अकरा चिठ्ठ्या आणि एक रास

अकरा घरांची ज्वारी एकाच राशीत ओतायची, हे माझंच डोकं. आजही कुणी विचारलं तर मी दुसऱ्याचं नाव घेत नाही. पण त्या सोमवारची आठवण आली की अजून माझ्या हातातला टाळ चुकतो, आणि शेजारचा टाळकरी माझ्याकडं बघतो.

आमची लिंबाळवाडी सेनगावच्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत. भाड्याची जीप फाट्यावर सोडते, पुढं पायी. मारुतीचं देऊळ एक, चौथीपर्यंतची शाळा एक, आणि दोन्हींच्या मधी एक चिंच. मी रामप्रसाद. गाव मला परसादमामा म्हणतं. पाच एकर रान आहे, आणि सप्ताहाच्या कोठीचा मान आमच्या घरात बापापासून आहे. कोठी म्हणजे सप्ताहासाठी घरोघरचं धान्य गोळा करणं, ते राखणं, आणि काल्याच्या दिवशी पंगतीतून कुणी अर्धपोटी उठू नये एवढं बघणं. कीर्तनात माझी जागा मागच्या रांगेत, उजवीकडून तिसरी. महाराजांनी पहिलं चरण उचललं की मला बाकीचं काही सुचत नाही. केशरबाई, म्हणजे आमच्या मंडळी, सगळ्यांना सांगत असतात, "घर पेटलं तरी ह्या माणसाला गजर संपल्यावरच सांगा. आधी सांगून उपेग न्हाई."

शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हा गावाला बरंच वाटलं होतं. त्याआधी पोरांना महिन्याचा कच्चा तांदूळ घरी मिळायचा आणि तो पाहुण्यारावळ्यांत संपायचा. आता निदान पोरांच्या ताटात पडू लागला. शिजवायला सिंधूबाई. ही आमच्या भावकीतली, हाताला चव आणि जिभेला धार. पण आमच्याकडं भात सणाला, नाहीतर आजाऱ्याला. पोरं चार घास खायची आणि उरलेलं चिंचेखाली कुत्र्यापुढं टाकायची. तांदळाच्या पोत्यावर शिक्का असायचा, तोही पुसट. कुठल्या मुलखातून आला, कुणी पिकवला, त्यावर काय काय मारलं, काही कळायला मार्ग नाही.

"मामा," सिंधूबाई एकदा म्हणाली, "कुत्री बघा कशी टम्म होऊन राहिली. सरकारची योजना कुत्र्यासाठी हाये का पोरासाठी, येवढं एकदा इचारून या."

आणि इकडं रानातून ज्वारी निघून चाललेली. नव्वदच्या पुढं सोयाबीन आलं. शंभर दिवसांत पीक हाती, बाजारात उचल. कुणाला नावं ठेवायची? मीही पेरलं. आधी खरिपाची ज्वारी गेली. मग रब्बीची टाळकी, जिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, तीही घरच्यापुरती उरली. कडबा कमी झाला तशी दावणीची जनावरं कमी झाली, जनावरं कमी झाली तसं शेणखत कमी झालं, आणि खताची पिशवी वाढली. सप्ताहात काल्याला भाकरी जाऊन पुरी आणि बुंदी आली. कोठीवाला मी. म्हणजे तीही मीच आणली.

दोन हजार चारच्या दसऱ्याला रत्नपाल फटफटी घेऊन देवळापुढं आला. रत्नपाल आमचा कृषी सहायक. वसमतकडचा, बौद्धाच्या घरचा. बापानं हळदीच्या बाजारात पाठीवर पोती वाहून ह्याला शिकवलं. बोलायला गोड, पण कागदाला फार पक्का. त्यानं पारावर बसून योजना वाचून दाखवली. खतऔषध न घालता पिकवलेली ज्वारी सरकार घेणार, आणि त्याच भागातल्या शाळांत तिची भाकरी पोरांना देणार. पिकेल तिथंच खपेल. आधी प्रयोग म्हणून मोजकी गावं. गावातून कमीत कमी दहा शेतकरी पाहिजेत.

नरसिंग चिंचेला टेकून उभा होता. पस्तिशीचा गडी, हुशार, कापूस-सोयाबीनवाला, आणि गावात काही नवं निघालं की पहिली चिमटी ह्याची. तो म्हणाला, "म्हंजे माझ्या रानातली ज्वारी माझ्याच पोराला चारायला सरकार पायजे?"

"आजवर तू चारलीस का?" सिंधूबाईनं तिकडून विचारलं. "तुझं पोरगं डब्यात बिस्कुटं आणून राहिलं."

पार हसला. नरसिंगही हसला. आणि मला वाटलं, हे होणार.

रत्नपालनं नियम सांगितले. प्रत्येकानं वही ठेवायची, रानात काय घातलं ते लिहायचं. तीनदा तपासणी. "आणि मामा, हे नीट ऐका. प्रत्येकाच्या पोत्यात त्याच्या नावाची आणि गट नंबराची चिठ्ठी. धान्य शेवटपर्यंत वेगळं राहिलं पाहिजे. मिसळायचं नाही."

ऐकलं. ऐकलं नाही असं मी कधी म्हणणार नाही. पण कानाला ऐकू आलं आणि मनानं घेतलं नाही, असं माणसाचं होतं.

मी घरोघरी फिरलो. मला धरून सात जण देवळाच्या मानाखातर आले, सिंधूबाईच्या तोंडाच्या भीतीनं दोन. दहावा नरसिंग. तो सहज आला नाही. "मामा, दोन एकर सोडतो तुमच्या शब्दावर. पण नाक कापलं गेलं तर सप्ताहात तुमच्या शेजारी उभा ऱ्हाणार न्हाई." मी म्हटलं, बराबर आहे. अकरावी पारुबाई. ती स्वतःहून आली. पारुबाई धनगराची. नवरा गेल्यापासून पन्नास-साठ मेंढरं आणि एकरभर माळरान ती एकटी सांभाळते.

"माझं एकरच हाये, मामा. चालतंय का?"

"चालतंय म्हणजे? तुझ्या मेंढराबगर आमचं काय चालणार?"

खरंच होतं ते. पिशवी बंद म्हटल्यावर खत कुठलं आणायचं? पारुबाईनं पेरणीआधी अकराही रानांत आळीपाळीनं मेंढरं बसवली. दोन रात्री ह्याच्या रानात, दोन त्याच्या. ज्वारी उगवली ती सगळ्यांची तिच्या मेंढरांच्या लेंड्यांवर. कुणाचं रान कुणाचं, हे मेंढराला कुठं ठाऊक.

वह्यांची मात्र मजा होती. रत्नपाल महिन्यातून दोनदा यायचा, पारावर बसून सगळ्या वह्या बघायचा. दगडोबा म्हातारा वहीत रोज एक रेघ ओढायचा, रेघ म्हणजे आज काही घातलं नाही. नरसिंग लिहायचा, "रानात गेलो. परत आलो."

"नरसिंगभाऊ, हे काय लिहिलंय?"

"खरं तेच लिवलं की. खोटं लिवू का?"

मार्गशीर्षात अवचित पाऊस झाला, रानं वाफशावर आली. सगळ्यांची ज्वारी जरा फिकट होती, खताची सवय लागलेली जमीन एकदम कशी सुधारणार. पंधरा दिवसांत नरसिंगचा तुकडा हिरवागार झाला. मी त्या एकादशीला देवळात चार माणसांपुढं म्हणालो, "बघा, ज्यानं नावं ठेवली त्याच्याच रानात देव उभा ऱ्हायला." नरसिंग खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होता. मला वाटलं, पोरगं लाजलं. चार दिवस मी त्याचं ते लाजणं सांगत फिरलो.

होळी होऊन दोन दिवस झाले आणि मळणी उरकली. सोमवारी साहेब आणि गाडी येणार, माल देवळापाशी ठेवा, असा निरोप आला. रत्नपाल त्या आठवड्यात परभणीला प्रशिक्षणाला गेलेला. तो थेट सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी लोकांनी बैलगाड्यांतून पोती आणली. चिठ्ठ्या लिहिलेल्या होत्या. मी स्वतः, चांगल्या अक्षरात, अकरा.

आता इथं माझी चूक सांगतो.

पोती मंडपात ओळीनं लागली. दगडोबाची आठ, नरसिंगची तीन, कुणाची सहा, कुणाची पाच. सगळ्यांत शेवटी पारुबाई आली. डोक्यावर एकच पोतं, तेही अर्धं. माळरान ते, पाखरांनीच निम्मं नेलं. ती खांबाआड उभी राहिली, पोतं खाली ठेवीना. कुणीतरी म्हणालं, "पारुबाई, ठेव की वळीत." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझं मागं ठिवते." आणि पोत्याची घडी घालून ते आणखी लहान दिसेल असं पदराखाली धरू लागली.

सप्ताहाच्या धान्याला आमच्याकडं एक रीत आहे. कुणी पायली आणतं, कुणी ओंजळ, पण मारुतीपुढं सगळं एका राशीत ओतायचं, आणि एकदा ओतलं की कुणी किती आणलं हे तोंडातून काढायचं नाही. माझा बाप कोठीवर असताना एकानं आपल्या तीन पोत्यांचा उच्चार केला, तर बापानं त्याला तीन पोती परत भरून दिली होती. त्यात त्या वर्षीच औंढ्याकडच्या महाराजांचं काल्याचं कीर्तन मी ऐकलं होतं. कुणाची शिदोरी चांगली, कुणाची शिळी, देवानं सगळ्या एकत्र कालवल्या, हे सांगताना महाराजांचा आवाज असा भरून आला की मृदंगवाल्याचा हात थांबला होता. ते सगळं माझ्या आत नुसतं भरलेलं होतं. पारुबाईचा तो पदर बघितला आणि मला राहवलं नाही.

"ओता रे!" मी म्हणालो. "एक रास करा. लेकराच्या पोटी जायाचं धान्य, त्यात तुझंमाझं काहून करून राहिलो आपण?"

आणि पहिलं मी माझं पोतं ओतलं. मग दगडोबानं. मग सगळ्यांनी. पारुबाईचं अर्धं पोतं मधोमध पडलं आणि दिसेनासं झालं. नरसिंग जरा घुटमळला. "मामा, रत्नपालनं सांगितलं होतं..." मी म्हटलं, "चिठ्ठ्या हायेत की." चिठ्ठ्या मी पितळेच्या ताटात नीट मांडल्या आणि मारुतीपुढं ठेवल्या. वर हळदकुंकू वाहिलं. नरसिंगनं डोळे मिटून पोतं उलटं केलं. राशीला नारळ फोडला, गजर केला. अशी रास पंधरा वर्षांत देवळानं पाहिली नव्हती.

सोमवारी रत्नपाल जीपच्या आधी पोचला. फटफटी स्टँडवर न लावताच तो मंडपात आला. राशीकडं बघत राहिला. मी हात जोडून हसत होतो.

"मामा," तो म्हणाला, "हे काय केलंत?"

"रास."

"मामा, मी किती वेळा..." आणि तो डोक्याला हात लावून पायरीवर बसला. त्याला बघून माझं हसणं तोंडावरच वाळलं.

जीपमधून साहेब उतरले, मागं मालाची गाडी थांबली. तालुक्याच्या कचेरीतले, नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. सोबत कारकून, हातात नमुन्याच्या पिशव्या. पिशव्या अकरा.

"हे कुणाचं धान्य?"

"गावाचं, साहेब."

"गावाला गट नंबर नसतो हो. शेतकऱ्याचं नाव सांगा."

मी ताट पुढं केलं. कारकुनानं हळदकुंकवातली एक चिठ्ठी उचलली, फुंकर मारली, राशीकडं बघितलं, पुन्हा चिठ्ठीकडं बघितलं. त्याला हसू आवरेना.

"साहेब, धान्य सगळं एकच आहे," मी म्हणालो. "एकच बी, एकाच मेंढराचं खत. ह्यात वेगळं काय करायचं?"

"मला कळतंय. पण अकरा नमुने तपासायचे आहेत. उद्या एखाद्या शाळेतून तक्रार आली तर कोणत्या शेतातली ज्वारी, हे मला सांगता आलं पाहिजे. योजना त्याच पायावर आहे."

एव्हाना सिंधूबाई शाळेतून चिंचेखालून येऊन उभी होती, हातात खिचडीचा झारा. "साहेब, एक इचारू?"

"विचारा."

"दोन वर्सं झाली तांदूळ शिजवून राहिले मी. त्या तांदळाला कुणी कधी इचारलं व्हय, का बाबा तू कोण्या शेतातला? तुझ्यावर काय मारलं? त्यो बिनानावाचा येतो, बिनाचिठ्ठीचा शिजतो. आणि ही आमची, डोळ्यापुढं पिकलेली, तर हिची जात-पात काढून राहिले तुमी."

लोक हसले नाहीत. साहेबही हसले नाहीत. "बाई, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "पण तो तांदूळ माझ्या खात्याचा नाही."

ह्या उत्तरावर सिंधूबाईनं नुसता झारा झटकला.

रत्नपाल उठला. साहेबांच्या हातातली नियमांची पुस्तिका घेतली, पानं उलटली, एके ठिकाणी बोट ठेवलं. दोघं बाजूला जाऊन बोलले. साहेब परत आले. "एक वाट आहे. नमुना एकच घेतो. पण गटाच्या प्रमुखानं सगळ्यांच्या वतीनं लिहून द्यायचं, की अकरापैकी कुणीही पेरणीपासून खत-औषध वापरलेलं नाही. चुकलं तर जबाबदारी त्याची. देता का?"

माझ्या अंगात एकदम बळ आलं. "लिहून काय घेता साहेब, वीणेवर हात ठेवून सांगतो." आणि मी गाभाऱ्याशेजारच्या खुंटीवरची वीणा उतरवली. माझ्या आज्याच्या वेळची वीणा ती. सप्ताहात सात दिवस ती जमिनीला टेकत नाही. मी ती गळ्यात घातली, हात तारांवर ठेवला.

"मामा," मागून नरसिंग म्हणाला. "वीणा ठेवा खाली."

"काहून?"

"ठेवा म्हणतो ना."

तो पुढं आला. साहेबांकडं न बघता माझ्याकडं बघून बोलला. "पाऊस झाला तवा अर्धी पिशवी युरिया टाकला मी. कपाशीचा उरला होता घरात. समद्यात माझंच रान पिवळं दिसाया लागलं. म्हटलं, माझ्यापायी तुमचं नाक जाईल. अर्धीच टाकली, मामा."

मंडपात चिमण्या राशीवर उतरल्या होत्या.

"मी बोलणार न्हवतो," तो म्हणाला. "तीन पोती माझी, ती पकडली असती तर पकडली असती. पण तुमी वीणेला हात घातला."

दगडोबा काठी आपटत उठला. "गाढवा! मग काल बोलाया काय झालं होतं? ओतायच्या आधी?"

"काल मामा कुणाला बोलू देत होते?"

हे खरं होतं. मी वीणा खुंटीला लावली. लावताना तार वाजली.

साहेबांनी पुस्तिका मिटली. चहा आला होता तो त्यांनी घेतला, अर्धा टाकला. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "रामप्रसादजी, पोती बांधलेली असती ना, तर दहा जणांची ज्वारी मी आत्ता गाडीत घातली असती." त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते हळहळून म्हणाले. रिकामी गाडी धुरळा उडवत फाट्याकडं गेली आणि शाळेतली पोरं तिच्यामागं पळाली.

माझा राग कुणावर काढायचा तेच मला कळेना. नियमावर काढावा, तर नियम खोटा नव्हता. नरसिंगच्या तीन पोत्यांनी तो खरा करून दाखवला. नरसिंगवर काढावा, तर त्यानं मला मारुतीपुढं खोटं पडू दिलं नाही. उरलो मी. पण मी तरी काय वाईट केलं? एका बाईचं अर्धं पोतं झाकलं. सरकारचा कागद आणि आमची रास, दोन्ही पोरांच्याच भल्यासाठी, आणि दोन्हींचं एकमेकांशी जुळू नये, ह्याची चीड येते. आणि तांदूळ? तो मजेत येत होता.

रास पुन्हा पायलीनं मोजून, चिठ्ठीवरचं नाव घेऊन आणि पोती विचारून वाटली. ज्याचा दाणा टपोरा होता तो कुरकुरला, ज्याचा बारीक होता तो गप्प राहिला. बापाच्या वेळेनंतर देवळात पहिल्यांदा कुणाचं किती हे मोठ्यानं बोललं गेलं. पारुबाईनं आपलं अर्धं पोतं घेतलं, माझ्याकडं बघितलं नाही. नरसिंग आलाच नाही. त्याची तीन पोती खांबाला लागून उरली.

सिंधूबाई म्हणाली, "मला द्या. थोडी थोडी भाकर पोरास्नी करून घालते. फुकटची हाये, कुणाचं काय जातंय?"

हेडमास्तर भले. पण म्हणाले, "मामा, मंजूर धान्याशिवाय शाळेत काही शिजवता येत नाही. उद्या एखाद्या लेकराचं पोट दुखलं तर माझी नोकरी. वरून पत्र आणा, मी स्वतः पीठ मळतो."

मी पत्र आणायला गेलो. शिक्षणाच्या कचेरीत म्हणाले, धान्य शेतीखात्याचं, त्यांना विचारा. शेतीच्या कचेरीत म्हणाले, शिजवणं शाळेचं, त्यांना विचारा. दुसऱ्या खेपेला दोन्हींकडं अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला एक बाबू म्हणाला, "काका, हा अर्ज जिल्ह्याला पाठवावा लागंल." मी म्हटलं, "पाठवा की, आता तर जिल्हा आपल्या हिंगोलीलाच आला." तो म्हणाला, "छापील नमुन्यात लिहा." नमुना संपला होता.

हनुमान जयंती जवळ आली, सप्ताह बसला. त्या वर्षी मी पुरी-बुंदीला नाही म्हणालो. कुणाला न विचारता. नरसिंगची तीन पोती दळायला टाकली आणि काल्याच्या दिवशी सकाळी सिंधूबाईनं वीस बायका घेऊन देवळामागं चुली मांडल्या. थापटण्याचा आवाज असा येत होता की कीर्तनकार महाराज एकदा थांबून म्हणाले, "हा ताल आमच्या पखवाजापेक्षा बरा आहे!" पोरं पंगतीला बसली. तीच पोरं, तीच शिजवणारी, त्याच गावची ज्वारी. शाळा तिथून साठ पावलं. इथं मात्र कुणाचं पत्र लागलं नाही. चिंचेखालची कुत्री त्या दिवशी बसून राहिली, त्यांना काही मिळालं नाही.

राणी म्हणजे सिंधूबाईची नात, दुसरीतली. तिनं आमटीत भाकरी चुरता चुरता विचारलं, "आज्जे, उद्या शाळेत बी हेच का?"

"उद्या भात," सिंधूबाई म्हणाली, आणि परात घेऊन दुसऱ्या पंगतीकडं गेली.

नरसिंग पंगतीत वाढत होता. कीर्तनाला मात्र तो माझ्या शेजारी उभा राहिला नाही, रांगेच्या दुसऱ्या टोकाला राहिला. मी हात धरून आणलं तर म्हणाला, "पुढल्या साली, मामा. पुढल्या साली चोख करतो."

पुढल्या दसऱ्याला मी पुन्हा घरोघरी फिरलो. आता कागद पाठ होता. चिठ्ठी वेगळी, पोतं वेगळं, खांबसुद्धा वेगळा. पण लोकांनी सोयाबीन काढून हरभरा पेरायचं ठरवून टाकलं होतं. सात जण झाले. दहा पाहिजेत. सातांत पारुबाई होती, आणि सगळ्यांत आधी नरसिंगनं दोन एकर टाळकी पेरूनही टाकली होती, योजना येवो न येवो.

रत्नपाल आला तो कार्तिकात. फटफटी नीट स्टँडवर लावली, पारावर बसला. आता त्याच्या खिशातून कागद निघाला तो फॉर्म नव्हता. अहवालाची नक्कल होती. "मामा, तुम्ही दुसरीकडून ऐकण्याआधी मीच सांगतो." आणि त्यानं वाचलं. आमच्या गावापुढं एकच ओळ होती. शेतकऱ्यांचा प्रतिसाद अल्प, सबब गाव वगळण्यात येत आहे.

"अल्प?" मी म्हणालो. "रास बघितली होती ना रे तू? छातीइतकी होती."

"बघितली होती."

"मग लिहिलंस का न्हाई?"

"रास लिहायला रकाना नाही, मामा," रत्नपाल म्हणाला. त्या पोरानं ह्या एका गावासाठी वर्षभर फटफटीची चाकं झिजवली होती.

नरसिंग रानातून तसाच आला, पायाला चिखल. काखेत वही. त्यानं ती रत्नपालपुढं उघडून धरली. पेरणीपासून रोजची नोंद, तारखेसकट. 'आज काही घातलं नाही. रान पिवळं दिसून राहिलं. तरी घातलं नाही.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

"सही करा."

रत्नपालनं खिशातलं पेन काढलं. वहीकडं बघितलं. पेन परत खिशात ठेवलं. "नरसिंगभाऊ, गावच योजनेत नाही आता. माझ्या सहीला अर्थ नाही."

"मग तपासणार कोण?"

मी रत्नपालच्या खिशातलं पेन काढून घेतलं. नोंदीखाली माझं नाव लिहिलं, हुद्दा काही नाही, नुसतं रामप्रसाद, कोठीवाला. ते कुठल्या कचेरीत चालणार नाही हे मलाही माहीत होतं आणि नरसिंगलाही. त्यानं वही मिटून काखेत मारली.

एवढ्यात शाळेची घंटा झाली. चिंचेपलीकडून भाताचा वास आला आणि सिंधूबाईचा आवाज, नेहमीपेक्षा जोरात, "या रे, झाला भात!" कुत्री उठली, अंग झाडलं, आणि पोरांच्या आधी चिंचेखाली जाऊन बसली.